कुरणाचा ठराव

कुरणात खुंट्या ठोकल्यात हे मला द्वारकेनं सांगितलं. नवरात्राचे दिवस होते, सकाळचे दहा वाजले असतील. मी ग्रामपंचायतीच्या ऑफिसात झाडून काढून माठ भरत होतो. द्वारका माझी बायको. पंचायतीत शिपाई म्हणून मला तेव्हा बावीस वर्षं झाली होती, पण तेवढ्या वर्षांत ती त्या ऑफिसची पायरी चढली नव्हती. त्या दिवशी सरळ आत आली. हातात विळा तसाच होता आणि लुगड्याच्या काठाला कुसळं चिकटलेली होती.

माझ्याकडं तिनं बघितलं नाही. टेबलामागं ग्रामसेवक बसले होते. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणायचं.

"भाऊसाहेब, कुरणात कोण माणसं शिरल्यात? तीन पायांचं यंत्र लावलंय आन् लाल टोकाच्या खुंट्या ठोकत्यात. गवात तुडवून चाललंय सगळं."

"सोलरची माणसं आहेत, मावशी. मोजणी चालली आहे."

"मग वरच्या खडकावर मोजा म्हणावं. कुरण बंद हाय अजून."

भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं. म्हणाले, कागदावर खडक आणि कुरण असं काही वेगळं नाही, सगळा मिळून एकच गट आहे. तो सगळा गट सोलर कंपनीला दिला आहे. ऑगस्टमध्येच ठराव झाला, आधी महिला ग्रामसभेत आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या ग्रामसभेत.

"कुठल्या बायकांनी केला ठराव?" द्वारकेनं विचारलं.

"गावातल्याच की. कागद बघायचा असेल तर अर्ज करा."

ती वळली. जाताना मला एवढंच म्हणाली, "जेवायला लवकर या. बायका जमत्यात आपल्या दारात."

आमचं बरकडेवाडी म्हणजे दीडशे उंबऱ्यांचं गाव. पाऊस बेताचा. गावाच्या वरच्या अंगाला सरकारी गायरान आहे. त्याचा वरचा भाग नुसता खडक, तिथं निवडुंगसुद्धा नीट येत नाही. त्याखालचा उतार म्हणजे कुरण. गावात कुणीही कधी त्याला एक जमीन म्हणालं नाही. खडक वेगळा, कुरण वेगळं.

कुरण नागपंचमीला बंद व्हायचं. त्या दिवसापासून आत शेरडू गेलं तरी त्या घराला बोल बसायचा. दसऱ्याच्या पुढं-मागं पाच बायका जाऊन पवन्या गवताचं बोंड तळहातावर चोळून बघायच्या. बी सुटून पडलं की कुरण उघडायचं, कारण तेव्हा कापलं तरी पुढच्या सालाचं बी मातीत गेलेलं असतं. मग घरटी एक विळा. पन्नास एकरवाल्यालाही एक आणि ज्याला पाय ठेवायला वावर नाही त्यालाही एक. ज्या साठ घरांना जमीन नव्हती, त्यांची शेरडं आणि एखादी म्हैस त्या गवतावर उन्हाळा काढायची. यात पुरुष पडत नसत. हे माझ्या आजीच्या आधीपासून बायकांचं काम होतं आणि शेवटची बारा वर्षं बोंड चोळायला पहिली बसायची ती द्वारका.

दुपारी घरी गेलो तर अंगणात वीस-पंचवीस बायका बसलेल्या. मधोमध तानूबाई सूळ. ती द्वारकेची जिवाची मैत्रीण, आमच्या शेजारचीच. नवरा लवकर गेला, जमीन नाही, सात शेरडांवर तिनं दोन पोरी उजवल्या. तोंड मात्र फटकळ.

ठरावाला सह्या कुणी केल्या यावर बोलणं चाललं होतं. एकीला आठवलं की ऑगस्टमध्ये मी वही घेऊन तिच्या दारात गेलो होतो. मग सगळ्यांनाच आठवायला लागलं.

"मी भाकरी थापत हुते," तानूबाई म्हणाली. "गेनूभावजी म्हणालं, वैनी, अंगठा द्या. म्या पिठाच्या हातानंच दिला. आता त्या अंगठ्याची भाकरी करून खाल्ली म्हणायची सरकारनं."

बायका हसल्या. मग तानूबाईनं मला विचारलं, "भावजी, कशाचा अंगठा हुता त्यो?"

मी म्हणालो, हजेरीचा. ते खरं होतं. महिला ग्रामसभा कागदावर चौदा ऑगस्टला होते. आमच्या गावात ती कधी बसलीच नाही. बायकांना वेळ नसतो, पुरुष म्हणतात तिथं जाऊन काय करणार. म्हणून दर वर्षी मी रजिस्टर पिशवीत घालून घरोघर हिंडायचो. हजेरीच्या पानावर सह्या-अंगठे घ्यायचे, बाई घरी नसली तर नवऱ्यानं किंवा सासऱ्यानं तिच्या नावापुढं काहीतरी ओढायचं. ठराव भाऊसाहेब नंतर सवडीनं लिहायचे. वाईट म्हणून कुणी ते करत नव्हतं. तशीच रीत पडली होती. सरपंच मंदाताई, पण त्यांच्याही सह्या त्यांचे मालक आबाच करायचे आणि गावाला ते ठाऊक होतं.

द्वारका म्हणाली, "माझ्याकडं तर वही आलीच न्हाई."

"तू कुरणाकडं गेली होतीस," मी म्हणालो. तिनं मान हलवली आणि बोलणं पुढं गेलं.

त्याच दिवशी तालुक्याला प्रांताधिकाऱ्यांकडं अर्ज करायचं ठरलं. द्वारका साक्षरता वर्गात लिहायला शिकली होती. अर्ज तिनं स्वतः लिहिला, वहीचं पान फाडून, दोनदा खाडाखोड करून. सोलर नको असं तिनं लिहिलं नाही. वरचा खडक घ्या, सगळा घ्या, कुरण सोडा, आणि आम्हाला बसवून विचारा, असं लिहिलं. खाली अठ्ठेचाळीस बायकांच्या सह्या आणि अंगठे. ते घ्यायला ती स्वतः प्रत्येक घरी गेली आणि प्रत्येकीला अर्ज वाचून दाखवला. मला तेव्हा वाटलं, हेच मी बावीस वर्षांत एकदाही केलं नाही.

गावात पुरुषांचं मत वेगळं होतं, आणि तेही खोटं नव्हतं. आम्हाला शेतीची वीज मिळायची ती रात्रीची. मोटर चालू करायला अंधारात जायचं. आदल्या वर्षीच चावडीपलीकडच्या बबन कोकऱ्याला बांधावर पान लागलं, म्हणजे साप चावला होता, दवाखान्यात नेईपर्यंत गेला. सोलर आलं की दिवसा आठ तास वीज, असं आबांनी सांगितलं होतं. माझीही विहिरीवरची दोन एकर होती. मलाही दिवसा वीज हवी होती.

पारावर आबा म्हणाले, "बायकांच्या गवतापायी गावानं अंधारात मरायचं का?"

तानूबाई तिथून घागर घेऊन चालली होती. ती थांबली. "आबा, खडकावर ऊन कमी पडतं काय?" म्हणाली आणि गेली. पुढं मला कळलं की खडकावर खड्डे घ्यायला कंपनीला जास्त त्रास होता, म्हणून त्यांनी आधी कुरण धरलं होतं. पण ते कुणी गावाला सांगितलं नाही आणि गावानं विचारलं नाही.

दसरा झाला. बोंड सुटलं. द्वारका आणि चौघी जाऊन चोळून आल्या, बी तळहातावर पडत होतं. पण कापायची वेळ आली तेव्हा कंपनीच्या माणसानं आत येऊ दिलं नाही, म्हणाला सुनावणी होईपर्यंत कुणीच आत जायचं नाही, आम्हीही नाही. गवत उभं राहिलं. कमरेएवढं, पिवळं पडत चाललेलं. बायका येता-जाता खुंट्यांच्या अलीकडं उभ्या राहून बघायच्या. द्वारका मला रोज संध्याकाळी सांगायची, आज अजून वाळलंय, आता नुसती काडी राहणार.

प्रांत ऑफिसची नोटीस आली. बायकांनी हजर राहावं, आणि ग्रामपंचायतीनं मूळ रजिस्टर आणावं. भाऊसाहेबांनी नोटीस वाचली, कपाटातून रजिस्टर काढलं, ते लाल फडक्यात बांधलं आणि माझ्या हातात दिलं.

"गेनू, आणायचं काम तुझं," म्हणाले. "गप उभं राहायचं. काही होत नाही."

सुनावणीच्या आधी आठ दिवस ते रजिस्टर ऑफिसात माझ्याच ताब्यात होतं. त्या आठ दिवसांत द्वारका रोज मला ऑफिसातलं विचारायची. वही बघितली का, सूचक म्हणून कुणाचं नाव टाकलंय. ठराव मांडते तिला सूचक म्हणतात, हे तिनं शाळेतल्या बाईंकडून समजून घेतलं होतं. "अंगठं हजेरीचं असत्याल, पर ठराव मांडला म्हणून कुणीतरी एकीनं सही केली असणारच की," ती म्हणायची. "ती कोण ते कळलं म्हंजी झालं."

मी सांगितलं, रजिस्टर बांधून ठेवलंय, उघडायची परवानगी नाही.

सुनावणीच्या दिवशी अकरा बायका टेंपोतून आल्या. मी आणि भाऊसाहेब मोटरसायकलवर. द्वारकेनं लग्नाकार्याला नेसायचं हिरवं लुगडं नेसलं होतं. प्रांत एक मॅडम होत्या, तिशीच्या आतल्या. त्यांनी बायकांना बसायला खुर्च्या मागवल्या. आमच्या बायका कुठल्याही साहेबापुढं कधी खुर्चीवर बसल्या नव्हत्या. तानूबाई खुर्चीच्या टोकावर बसली आणि हळूच म्हणाली, "द्वारके, ही खुर्ची बी आपल्याच ठरावानं दिली आसंल बघ." मॅडमनी ऐकलं आणि त्याही हसल्या. मला त्या वेळी वाटलं, काम होतंय.

मॅडमनी अर्ज आधीच वाचलेला होता. म्हणाल्या, खडक आणि कुरण वेगळं धरायची मागणी मला रास्त वाटते. पण पुढं ग्रामसभेचा ठराव आहे, बायकांचा आहे, तो मी डावलू शकत नाही. मग त्यांनी द्वारकेला बोलायला सांगितलं.

द्वारका उभी राहिली. तिनं सांगितलं की त्या दिवशी सभा झालीच नाही. बायकांनी दिले ते हजेरीचे अंगठे. गटात कुरण येतं हे कुणी सांगितलं नाही. शेवटी ती म्हणाली, "बाई, आमच्यातल्या कुणीबी ह्यो ठराव मांडल्याला न्हाई. मांडणारीचं नाव आसंल ना त्यात? ते वाचा. ती आमच्यासमोर उभी ऱ्हाऊन सांगू दे."

मॅडमनी मला रजिस्टर मागितलं. मी फडकं सोडून टेबलावर ठेवलं आणि मागं दाराशी जाऊन उभा राहिलो. त्यांनी पान काढलं आणि वाचलं.

"अनुमोदक, सुलाबाई जगन्नाथ बरकडे." ती आबांची भावजय. ती आलेली नव्हती, पण मला मान्य आहे असा तिचा लेखी जबाब होता. "सूचक, द्वारका गेनू बरकडे. या कोण?"

मग तानूबाई म्हणाली, "बाई, चुकीचं वाचलं तुम्ही. द्वारका म्हंजी हीच."

मॅडमनी रजिस्टर फिरवून द्वारकेपुढं ठेवलं. ती टेबलापाशी गेली. सहीखाली बोट धरलं, जसं ती वाचताना धरायची.

मॅडम म्हणाल्या, "घाई करू नका. नीट बघा. ही सही तुमची नसेल तर तसं सांगा. सूचकाची सही खोटी निघाली तर ठराव उभाच राहत नाही. मी आजच काम थांबवते आणि ज्यानं सही केली त्याच्यावर गुन्हा दाखल करायला लावते."

द्वारकेनं मान वर केली नाही. भाऊसाहेबांकडं बघितलं नाही आणि माझ्याकडंही नाही. ती सहीच बघत होती. खोलीत पंखा चालू होता, पान उडू नये म्हणून मॅडमनी त्याच्यावर पेपरवेट ठेवला होता. माझा हात दाराच्या कडीवर होता.

मग ती म्हणाली, "माझीच हाय."

"काय म्हणालात?"

"सही माझी हाय. इसरले हुते मी."

ती सही मी केली होती. चौदा ऑगस्टला गाव फिरून मी ऑफिसात आलो, तेव्हा भाऊसाहेबांचा ठराव लिहून तयार होता. ते म्हणाले, सूचक म्हणून आपल्याच घरातलं नाव बरं, उद्या कुणी भांडायला नको, वहिनींची सही कर. हजेरीच्या पानावर तिच्या नावापुढं मी दर वर्षी करतच आलो होतो. पेन घेतलं आणि केली. ठराव मी वाचला होता. गट नंबर वाचला होता. माझ्या मनात वरचा खडक आला. पण कुरण त्यातच येत असेल का, हे भाऊसाहेबांना विचारायला मला एक वाक्य लागलं असतं. ते मी विचारलं नाही, कारण दिवसा वीज मलाही पाहिजे होती.

आणि त्या खोलीतही मला एकच वाक्य लागलं असतं. मी दाराशीच उभा राहिलो. मॅडमनी अर्ज फेटाळल्याचं सांगितलं, भाऊसाहेबांनी रजिस्टर मिटलं आणि मी ते फडक्यात बांधलं.

बाहेर टेंपोत बायका चढल्या. द्वारका चढायला गेली तेव्हा तानूबाईनं आपली पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली. द्वारका खाली उतरली. टेंपो गेला. आम्ही दोघं एसटी स्टँडवर चालत गेलो आणि बाकावर बसलो. मी तिला चहा आणून दिला. तो तिनं घेतला.

गाडी लागायच्या आधी ती म्हणाली, "सही चांगली जमल्या तुम्हाला. माझ्यापरीस चांगली."

त्या विषयावर ती माझ्याशी एवढंच बोलली. पुढं साडेतीन वर्षं आम्ही एका घरात राहिलो. ती मला वेळेवर जेवायला वाढायची, मी आजारी पडलो तेव्हा उशाशी बसली. भांडण म्हणून कधी केलं नाही. भांडली असती तर मला काहीतरी म्हणता आलं असतं.

चार दिवसांनी जेसीबी आला. उभ्या गवतात शिरला. नंतर तारेचं कुंपण, लोखंडी खांब, सोलरच्या काचा. साठ घरांतली शेरडं त्या उन्हाळ्यात बाजाराला गेली. तानूबाईनं सातही विकली.

दिवसा वीज मात्र आली. आठ तास म्हणाले होते, सहा येते. मी उजेडात पाणी देतो. बबन कोकऱ्याच्या मुलाला रात्री जावं लागत नाही. हे मी लिहिलं नाही तर खोटं लिहिल्यासारखं होईल.

बायका म्हणायला लागल्या की द्वारकेनं नवऱ्याच्या नोकरीसाठी कुरण दिलं. आधी स्वतः ठराव मांडला, मग आपल्याला पुढं करून तालुक्याला नेलं आणि तिथं उलटली. तिला हळदी-कुंकवाला बोलावणं बंद झालं. तिनं दिलेलं वाण कुणी घेईना. दळणाला गेली की बायका बोलायच्या थांबायच्या. तिनं एकदाही कुणापाशी तोंड उघडलं नाही. त्यांच्या बोलण्यातलं अर्धं खरंच होतं. माझी नोकरी तिनं राखली. माझ्यावर गुन्हा होऊ दिला नाही. त्याच्या बदल्यात काय गेलं ते तिला माझ्यापेक्षा नीट कळत होतं, कारण गवताची काडी न् काडी तिला ठाऊक होती.

चौथ्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. तालुक्याच्या डॉक्टरनी उशीर झाला म्हणून सांगितलं. दोन महिने अंथरुणावर होती. मी म्हणालो, तानूबाईला बोलवू का. ती म्हणाली, "बोलवून काय सांगणार?" मी तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला. ती थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिली आणि मग भिंतीकडं वळली. मी सांगेन अशी तिला तोवर आशा होती, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं.

ती गेली तेव्हा माणसं आली. बायकाही आल्या, पण अंगणापर्यंत. तिला न्हाऊ घालायला माझी बहीण परगावाहून येईपर्यंत थांबावं लागलं. तानूबाई आलीच नाही.

द्वारका जाऊन पाच वर्षं झाली. मी नोकरीतून सुटलो. भाऊसाहेब बदलून गेले, तिकडंच वारले. आता खरं सांगितलं म्हणून माझं काही जाणार नाही. कुरणही परत येणार नाही, करार तीस वर्षांचा आहे. राहिलं आहे ते फक्त द्वारकेचं नाव.

तानूबाई आता कंपनीत काचा धुवायला जाते. सकाळी सात वाजता फडकं आणि बादली घेऊन माझ्या दारावरून जाते. गेल्या महिन्यात मी तिला हाक मारली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. ती थांबली, पण दाराकडं वळली नाही, रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली.

"काय भावजी?"

मी म्हणालो, आज ऊन लवकर तापलंय.

"व्हय," ती म्हणाली आणि गेली.

तिला मी अजून सांगितलेलं नाही.